हातमोजेवाल्या काकी

काकींनी माझ्या देखत सतरा जोड नव्या कोऱ्या सेफ्टी बुटांची वाट लावली, तो माझ्या नोकरीचा तिसरा दिवस होता.

मी स्टोअरमध्ये साठा तपासायला गेले होते. हातात पॅड, कानामागे पेन, गळ्यात 'सेफ्टी ऑफिसर' लिहिलेलं ओळखपत्र. डिप्लोमा होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, त्यामुळे ते ओळखपत्र मी घरी जातानाही काढत नसे. बघते तर काकी पाटावर बसलेल्या, समोर बुटांची रांग, हातात ब्रश आणि बाजूला ऑइलपेंटचे दोन डबे. डावा बूट निळा, उजवा पिवळा. डावा निळा, उजवा पिवळा. कसली घाई नाही. दिवाळीच्या पणत्या रंगवाव्यात तसं निवांत काम चाललं होतं.

"अहो काकी, हे काय करताय? नवे बूट आहेत ते!"

"म्हनून त रंगवतंय," काकींनी मान वर केली नाही.

"शेठना कळलं तर?"

"शेठनाच रंग आनाला सांगितला." मग एक ओला बूट माझ्या नाकासमोर धरून त्यांनी विचारलं, "यो बूट घालून तू लग्नाला जाशील?"

"शक्यच नाही."

"मंग बेस झाला," म्हणून त्यांनी पुढचा बूट ओढला.

याचा अर्थ मला त्याच संध्याकाळी कळला. कामगारांच्या खोल्या कारखान्याच्या मागेच होत्या. तिथे एका खिळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, आतल्या कागदासकट, गेल्या वर्षीचे बूट टांगलेले होते. त्यांचा मालक खाली चटईवर बसून तांदूळ निवडत होता आणि बाजूला त्याची घासून पातळ झालेली रबरी चप्पल पडली होती. "ये क्यों नहीं पहनते?" मी विचारलं. "मॅडम, होली में गाँव जाऊँगा न, तब पहनूँगा. यहाँ पहना तो खराब हो जाएगा." त्याने हे अगदी समजूतदारपणे सांगितलं. वर्षभर हा माणूस रसायनाच्या पाण्यातून चपलेवर फिरत होता आणि बूट मात्र सुखरूप होते. हे असं एकदोघांचं नव्हतं, सगळ्यांचंच होतं. काकींनी त्यावर उपाय काढला होता तो असा, की बूट हातात पडायच्या आधीच त्यांचं गावाला जाणं बंद करून टाकायचं. हातमोज्यांवर त्या लाल फराटा ओढायच्या, गॉगलच्या पट्ट्यावर हिरवा. आमच्या कारखान्यात नवी वस्तू नवी म्हणून कुणाला मिळतच नसे.

आमचं डाइंग कोनहून भिवंडीकडे जाताना रस्त्याला लागूनच होतं. लूमवरून निघालेलं कोरं कापड आमच्याकडे यायचं आणि धुऊन, उकळून, रंगवून परत जायचं. या सगळ्याला कॉस्टिक सोडा लागतो, पोत्यांनी लागतो. पाण्यात टाकला की पाणी आपोआप तापतं. अंगावर उडालं तर कातडी सोलवटते, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. आणि दिसायला मात्र साधं पाणी. नव्या माणसाला त्याची भीती वाटत नाही, जुन्याची भीती मोडलेली असते. नव्यांना भीती घालायची आणि जुन्यांची परत आणायची, हे काकींचं काम होतं.

त्या मूळच्या अंजूरच्या, लग्न होऊन कोनला आलेल्या. पंचावन्नच्या पुढच्या असतील. घोट्याच्या वर खोचलेली नऊवारी, तिच्यावर गुडघ्याखाली येणारा रबरी ॲप्रन, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि गजऱ्याच्या वर चढवलेला गॉगल. पायात एक बूट निळा, एक पिवळा, कारण स्वतःसाठी वेगळा नियम त्यांनी ठेवला नव्हता. हा गॉगल कारखान्याबाहेरही उतरत नसे. शेअर रिक्षात बसल्या की रस्त्याच्या धुळीसाठी तो डोळ्यांवर यायचा, आणि बाजूची बाई हसली की काकी तिलाच विचारायच्या, "तुना डोले जास्तीचं हायेत काय गो?" त्यांच्या भाचीच्या हळदीला मी गेले होते. डीजेच्या भिंतीपुढे सगळं गाव नाचत होतं आणि काकी सगळ्यांत पुढे, कानात नारिंगी बुचं घालून, दोन्ही हात वर करून नाचत होत्या. मधेच गायब झाल्या. मागे जाऊन पाहिलं तर मटणाच्या टोपापाशी उभ्या राहून आचाऱ्याला कोपरापर्यंतचे चामडी मोजे चढवत होत्या आणि आचारी देवाचा धावा करत होता.

चौथी शिकलेली ही बाई ट्रेनर कशी झाली, याची गोष्ट साधी आहे. आधी त्या घडी घालायच्या खात्यात होत्या. तिथून येता-जाता रंगखात्यातल्या पुरुषांना झापायच्या. आताच्या शेठच्या वडिलांनी एकदा ते ऐकलं आणि म्हणाले, "काकी, फुकट ओरडू नका, पगारात ओरडा." तेव्हापासून मोजे, बूट, गॉगल त्यांच्या ताब्यात. पुढे बाहेरच्या देशातले खरेदीदार कागद मागायला लागले, तेव्हा काकींच्या कार्डावर 'सेफ्टी ट्रेनर' छापलं गेलं आणि त्यांच्यावर साहेब म्हणून मला नेमलं. कोण कुणावर होतं ते सांगायला नकोच.

मी पहिल्या आठवड्यात पन्नास चित्रांचं प्रेझेंटेशन केलं होतं. खोलीत अंधार करून सातव्या चित्रापर्यंत पोचले, तेवढ्यात दिवा लागला. बटणापाशी काकी उभ्या.

"पोरी, अंधारात मानसा झोपतान."

खरंच दोघे घोरत होते. काकी पुढे आल्या आणि पहिल्या रांगेतल्या एकाला विचारलं, "ग्लोज घालता येतात?"

"हाँ काकी, आता है."

"मना दाव."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. 'समजलं', 'माहीत आहे', 'रोज तेच करतो' या सगळ्यावर एकच उत्तर, मना दाव. गोरखपूरहून काल उतरलेल्या माणसालाही तिसऱ्या दिवशी त्याचा अर्थ कळायचा. मग तो मोजे चढवायचा आणि काकी चुका काढायच्या. आधी मोजा फुगवून गालाशी धरायचा, बारीक भोक असलं तर वारा गालाला लागतो. मनगटाशी मोज्याची कड बाहेर दुमडायची, म्हणजे हात वर केला की ओघळ कोपराकडे जात नाही. काढताना उघडं बोट बाहेरच्या बाजूला लागता कामा नये. एकेकाला चार-चारदा करायला लावायच्या. पन्नास चित्रांत मी हे कुठेच घातलं नव्हतं.

गॉगलचा धडा मात्र बोईट माशाचा असायचा. अंजूरला त्यांचा भाऊ खाडीत जाळं टाकायचा. नवी माणसं लागली की काकी त्याच्याकडून एक ताजं बोईट घेऊन यायच्या, ताटलीत ठेवायच्या आणि लांब नळीने त्याच्या डोळ्यात कॉस्टिकचे दोन थेंब सोडायच्या. तोंडातून एक शब्द नाही. सगळे वाकून बघायचे. चकचकीत काळा डोळा बघता बघता पांढरा व्हायचा, उकडलेल्या अंड्यासारखा. मग काकी फक्त म्हणायच्या, "मच्छी मेली होती. तुमी जिवंत हाव." एकदा एकजण बाहेर जाऊन ओकला. काकींनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवला.

"घाबरवून किती दिवस चालणार?" मी शहाणपणाने विचारलं.

"धा दिस."

"मग?"

"मंग दुसरा बोईट."

अशा या बाईची गाठ पडली मास्टरांशी.

मास्टर म्हणजे आमचे डाइंग मास्टर. भिवंडीच्या निजामपुऱ्यातलं जुनं घराणं, मराठी आपल्यासारखंच, मधे मधे उर्दूची पखरण. साठीचे होते. रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढूनही त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कधी ठिपका दिसला नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. पण त्याहून मोठा अभिमान होता बोटांचा. कॉस्टिक विरघळवायच्या टाकीत ते उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा बुडवायचे, चोळून बघायचे आणि पाण्याच्या बुळबुळीतपणावरून सांगायचे, "अर्धी बालदी आणखी." बस, तेवढंच. नळीत घालून तपासलं तर नेमकं निघायचं. मीच दोनदा चोरून तपासलं होतं. बोटं मग ते कमरेच्या फडक्याला पुसायचे. ती बोटं गुळगुळीत आणि चकाकती झाली होती. सगळा कारखाना त्यांना हात जोडायचा, आणि गडबड तिथेच होती. कारण प्रत्येक नव्या पोऱ्याला मास्टर व्हायचं होतं आणि मास्टर उघड्या हाताने काम करायचे.

काकींनी आधी सांगून पाहिलं होतं. मास्टर हसून म्हणायचे, "भाभी, मोजा घातला की माझी बोटं आंधळी होतात." शेठ म्हणायचे, "काकी, मास्टरना सोडा." आणि विषय तिथेच संपायचा. तो त्या वर्षी संपला नाही, कारण ऑडिट लागलं.

मोठी ऑर्डर होती. खरेदीदाराचा माणूस पुढच्या सोमवारी येणार, आणि त्याला पहिली बघायची होती प्रशिक्षणाची नोंद. रसायनाशी काम करणारा प्रत्येक माणूस मोजे, गॉगल, ॲप्रन वापरायला शिकला आहे आणि वापरतो आहे, असा एक कागद. खाली ट्रेनरची सही. त्यावर बावीस नावं होती. एकवीस जणांच्या पुढे काकींनी खूण केली आणि पेन खाली ठेवलं.

शेठनी दोघींना बोलावलं. माणूस सभ्य, आवाज चढवत नसे. "काकी, एका नावासाठी अडवू नका."

"मी कनाला अडवू? तुमी मास्टरला सांगा."

तेव्हा मी एक शक्कल लढवली. आज सांगतानाही लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, "आपण मास्टरना ऑफिस स्टाफमध्ये दाखवू. म्हणजे या यादीत नाव यायलाच नको."

शेठना पटलं. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेस. मंग त्यांचा हात पन ऑफिसात ठेवा."

शेठचा चेहरा पहिल्यांदाच कडक झाला. "शनिवारपर्यंत सही हवी. नाहीतर ठाण्याची एजन्सी आहे, त्यांचा माणूस एका दिवसात सगळ्यांना सर्टिफिकेट देतो. मग इथे ट्रेनरची गरज राहणार नाही, काकी. आमच्या अब्बांनी तुम्हाला आणलं, म्हणून सांगून ठेवतो."

काकींनी मान डोलावली आणि बाहेर पडल्या. मला वाटलं, झालं, आता त्या सही करणार. तो सोमवार होता.

मंगळवारी सकाळी मास्टर टाकीपाशी आले, तर बाजूला काकी उभ्या. ॲप्रन होता, गॉगल होता, बूट होते. हात उघडे होते. त्यांचे उघडे हात मी तिथे कधी पाहिले नव्हते.

मास्टरांनी बोटं बुडवली. काकींनीही बुडवली. मास्टरांनी चोळून बघितलं. काकींनीही चोळलं. मास्टरांनी फडक्याला पुसली, काकींनी पदराला.

"काय भाभी, मास्टर व्हायचंय?"

"तुमी घालाल तवा मी घालीन," काकी म्हणाल्या. "तुमी न्हाय घातला, मी पन न्हाय."

मास्टर खो खो हसले. सगळे हसले. मीही हसले. दिवसभरात मास्टर टाकीपाशी दहा-बारा वेळा जायचे, दर वेळी काकी मागे. टाकीपासून ते मशीनवरच्या कापडापाशी जायचे, काठ चिमटीत धरून बघायचे, तर काकीही काठ चिमटीत धरायच्या. संध्याकाळपर्यंत तो एक तमाशाच झाला.

बुधवारी हसणं कमी झालं. मास्टरांची बोटं बत्तीस वर्षांनी निबर झालेली, काकींची इतकी वर्षं मोज्यात राहून मऊ. दुपारी त्यांची बोटं लाल झाली होती आणि टोकांची कातडी सुरकुतली होती. डबा खाताना त्यांनी भाकरी डाव्या हाताने मोडली. आमटीत हात घालायची सोय उरली नव्हती. मी समोर बसले होते. मी माझा डबा बंद केला.

"काकी, बास करा आता."

"मास्टरनी बास केला की."

गुरुवारी मी भडकले. सगळ्यांसमोर ओरडले, "मी तुमची ऑफिसर आहे! तुम्ही ट्रेनर असून विनामोजे काम करताय. ताबडतोब थांबा, नाहीतर मेमो देईन!"

"दे," काकी म्हणाल्या.

मी टेबलावर जाऊन खरंच मेमो लिहिला. तारीख, कलम, सगळं. आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या हाताने घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता मास्टरचा मेमो कंय हाय?"

माझ्या कानशिलात बसली असती तर बरं वाटलं असतं. रोज दहा वेळा तेच करणारा माणूस तीन हातांवर उभा होता आणि त्याला मेमो द्यायचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. चौथी शिकलेल्या बाईला कागद देताना माझा हात चालला होता. मी परत टेबलाशी गेले. दुसरा मेमो लिहायला मला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला, शब्द तेच असूनही. मास्टरांनी तो वाचला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "शाबास, बेटा." आणि पुन्हा टाकीकडे गेले. काकी मागे.

शुक्रवारी सकाळी अख्ख्या खात्यात मोजे नसलेले हात दोनच माणसांचे होते. मास्टर टाकीपाशी जायचं टाळायला लागले होते, हे मला दिसत होतं. एकदा नुसतं बघून म्हणाले, "चालेल." असं त्यांनी कधी केलं नव्हतं. पण दुपारी मोठा लॉट लागला, पांढरं कापड, आणि अंदाजावर सोडायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी बोटं बुडवली. काकींनी बुडवली. या वेळी त्यांचा चेहरा आवळला गेला, पण चोळून बघायचं त्यांनी सोडलं नाही. मग मास्टर मशीनपाशी गेले, काठ धरून बघितला आणि सोडला. काकींनी धरला आणि सोडला.

कापडावर अंगठ्याएवढा लाल डाग राहिला.

मास्टर तो डाग बघत उभे राहिले. कापड पुढे सरकत होतं, डागही सरकत गेला आणि रुळाखाली दिसेनासा झाला. "मशीन बंद!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी काकींचं मनगट धरलं, नळापाशी नेलं आणि पाणी सोडून हात खाली धरून ठेवला. काकींची तिन्ही बोटं टोकाशी फुटली होती. मास्टरांचा शर्ट भिजत होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

"भाभी, तुम्ही का... तुमचं काय जात होतं?"

"माजी एकवीस मानसा," काकी म्हणाल्या. "ती तुमचं बगून शिकतान. माजं बगून न्हाय."

मास्टरांनी नळ आणखी मोठा सोडला. मग मागे न बघता म्हणाले, "कुणीतरी मोजे आणा."

मोजे आले. मास्टरांनी चढवले आणि टाकीकडे वळले. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीही इथे थांबलं असतं. काकींनी हाताला फडकं गुंडाळलं आणि म्हणाल्या, "फुगवून बगितलाव न्हाय."

"काय?"

"मोजा. आनि कड दुमडली न्हाय. काढा."

बत्तीस वर्षांचे मास्टर, समोर त्यांचे एकवीस कारागीर. मला वाटलं, आता फिसकटलं. मास्टरांनी मोजे काढले. पहिल्यांदा काढतानाच चुकले, उघडं बोट बाहेरून लागलं. काकींनी पुन्हा घालायला लावले. तीनदा. मोजा फुगवून गालाशी धरलेले मास्टर, हे दृश्य बघून हसायची कुणाची हिंमत झाली नाही. तिसऱ्या वेळी बरोबर जमलं, तेव्हा काकींनी शेठच्या ऑफिसात जाऊन कागद मागितला.

सही करायची म्हणजे काकी पूर्ण नाव लिहायच्या, एकेक अक्षर. शेठ म्हणाले, "काकी, डाव्या हाताचा अंगठा द्या, चालेल." काकींनी अशा नजरेने पाहिलं की शेठनी खुर्ची पुढे केली. पट्टी बांधलेल्या बोटांत पेन धरून त्यांनी सही केली. बराच वेळ लागला. आम्ही दोघं उभे होतो.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. मोज्यातून मास्टरांना खरंच काही कळेना. शनिवारचा लॉट बिघडला, परत उकळावा लागला आणि शेठचा पारा चढला. मी मास्टरांना नळीतली तपासणी शिकवायला बसले. कॉस्टिकच्या पाण्यात एक औषध घातलं की ते गुलाबी होतं. मग वरून आम्लाचे थेंब मोजत सोडायचे, रंग गेला की थांबायचं. मास्टर नळी उजेडाला धरून म्हणाले, "हा गुलाबी आपल्याकडे कधी निघालाच नाही." त्या रंगानेच त्यांना वळवलं असं माझं मत आहे. पंधरवड्यात ते थेंब माझ्यापेक्षा नेमके मोजायला लागले, आणि एकेका नव्या माणसाला बोलावून दाखवायलाही लागले.

ऑडिट झालं. ऑर्डर राहिली. काकीही राहिल्या, चांगल्या चार वर्षं राहिल्या.

ऑडिटच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आलेल्या काकी फाटकाशी अडल्या. हजेरीचं मशीन त्यांचं बोट घेईना. तीनदा लावलं, तीनदा लाल दिवा. वॉचमन म्हणाला, "कोई बात नहीं काकी, हाथ से लिख देता हूँ. मास्टर का भी तो लिखता हूँ."

मास्टरांचं नाव रोज वहीत लिहिलं जायचं हे मला माहीत होतं. मी तो त्यांचा मान समजत होते. एवढ्या जुन्या माणसाला कोण बोट लावायला सांगणार? त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना विचारलं.

"मान कसला, बेटा," ते म्हणाले. "मशीन आलं तेव्हा ऑफिसातल्या साहेबाने दहादा लावून बघितलं. बोटावर काही उरलंच नाही म्हणाला. रेशनच्या दुकानात पण असंच. तिकडे मी बायकोला पाठवतो."

डावा हातही तसाच. टाकीत उजवा बुडायचा, पण ओलं कापड दोन्ही हातांनी हाताळलं जायचं. मी ते काकींना सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं आणि पुढच्या सोमवारी मास्टरांना घेऊन माझ्या टेबलापाशी हजर झाल्या. नवे ठसे चढवायचं छोटं मशीन माझ्या कपाटात असायचं. "लाव यांचा बोट."

लाल दिवा.

काकींचं बोट महिन्याभरात मशीनने ओळखलं. मास्टरांचा मात्र दर सोमवारी लाल दिवा. ते म्हणायचे, "जाऊ द्या भाभी, पुसलं ते पुसलं." काकी ऐकायच्या नाहीत. पावसाळा गेला, ईद गेली, दिवाळी गेली. मी कंटाळले होते हे खरं. एका सोमवारी तर मशीन कपाटातून काढायलाही मला जड झालं. मास्टरांनी मोजा काढला, बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. मला वाटलं, मशीन बिघडलं. नाव चढायला तीनदा लावावं लागतं. "पुन्हा लावा," मी म्हटलं. हिरवा. "पुन्हा." हिरवा.

माझ्या कॉम्प्युटरवर ठसा उमटला. फिकट होता, मधे मधे तुटलेला, पण रेघा होत्या, गोल गोल फिरत गेलेल्या. मास्टरांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"ही माझी?"

"तुमचीच."

ते कधी पडद्याकडे बघत, कधी बोटाकडे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. माझेही भरले होते. काकी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पडद्याला नाक लावून सगळ्या रेघा नीट बघितल्या, मान डोलावली.

"बेस आल्यान," त्या म्हणाल्या. "आता डावा."

मास्टर मुकाट्याने डाव्या हाताचा मोजा काढायला लागले.